मजुरी आणि अर्पण



आपल्या चर्चच्या वेदीमागची भिंत या पावसाळ्यात पुन्हा ओल धरून बसली, हे आपण सगळे पाहतोच आहोत. पोपडे सुटले आहेत. मिस्सा चालू असताना एखादा पोपडा खाली पडला की लहान मुले एकमेकांकडे पाहून हसतात. त्या भिंतीचे काय करायचे, हे ठरवायला एका रविवारी मिस्सेनंतर आपण पंधरा-वीस जण व्हरांड्यात बसलो होतो. जुना गिलावा खरवडायचा, नवा करायचा आणि त्यावर पेरणाऱ्याच्या दाखल्याचे चित्र काढून घ्यायचे, असे ठरले. फादरांनाही ते आवडले. आपण बहुतेक जण शेतकरी किंवा शेतकऱ्यांची मुले. पेरणारा कोणी आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

मग खर्चाची गोष्ट निघाली. रेती, सिमेंट, चुना, रंग, सगळ्याचा हिशेब झाला. चित्र कोण काढणार याबद्दल दुमत नव्हतेच. रोहिणखेडला राहणारे आपल्यातलेच एक भाऊ घरे रंगवण्याचा धंदा करतात, दुकानांच्या पाट्या लिहितात. नाताळात गव्हाणीमागचा पडदा दरवर्षी त्यांच्याच हातचा असतो. कोणीतरी विचारले, "त्यांची मजुरी किती धरायची?"

तेव्हा मी बोललो. मी म्हणालो, "देवाच्या घराच्या कामाला मजुरी कसली? मंगळुरूला ब्रदर मोस्केनींनी अख्खे चॅपल रंगवले, एक पैसा घेतला नाही. ही तर एकच भिंत आहे."

लोकांनी माना डोलावल्या. मी मास्तर, त्यात चित्रकलेचा मास्तर, आणि मंगळुरूला जाऊन ते चॅपल स्वतः पाहून आलेला. माझ्या बोलण्याला वजन होते. तो भाऊ खाली पाहत होता. एका नखात अडकलेला रंग दुसऱ्या नखाने काढत होता. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, सर." सभा संपली आणि खर्चाच्या कागदावर त्या ओळीपुढे शून्य लिहिले गेले.

ते शून्य मला त्या रात्री झोपू देईना. मी इतकी वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. दर महिन्याला पगार घेतला, आता पेन्शन घेतो. एकही दिवस मी फुकट शिकवले नाही, आणि त्यात मला कधी काही गैर वाटले नाही. मग दुसऱ्याच्या मजुरीवर शून्य लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला? आणि त्यासाठी मी ज्या पवित्र माणसाचे नाव वापरले, त्याची गोष्ट तरी मी पुरी सांगितली होती का? नव्हती. ती आज सांगतो, म्हणजे निदान ते तरी देणे फिटेल.

आंतोनियो मोस्केनी यांचा जन्म १७ जानेवारी १८५४ रोजी उत्तर इटलीत बेर्गामो शहराजवळच्या स्तेत्सानो या गावी झाला. मुलाचा हात चांगला आहे हे दिसल्यावर त्याला बेर्गामोच्या कार्रारा कला अकादमीत घातले गेले. तिथे एन्रिको स्कूरी हे नावाजलेले चित्रकार त्यांचे गुरू होते. पुढे रोमला जाऊन त्यांनी थोर चित्रकारांची कामे डोळे भरून पाहिली आणि परत येऊन आपल्या भागातली चर्चे रंगवू लागले. भिंतीवरचे चित्र आणि त्याभोवतीची सजावट, म्हणजे वेलबुट्टी, खोटे खांब, पाने, फुले, पुतळ्यांसारखी दिसणारी चित्रे, हा त्यांचा धंदा होता. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्या काळी इटलीत चर्च रंगवणारा माणूस कारागीर होता. त्याला काम मिळे, कामाचे पैसे मिळत, त्यावर त्याचे घर चाले. चर्चचे काम आहे म्हणून मोबदला मागायचा नाही, असा तिथे काही नियम नव्हता.

१८८९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी हे सगळे सोडले आणि ते येशूसंघात दाखल झाले. तेही धर्मगुरू होण्यासाठी नव्हे, ब्रदर म्हणून. ब्रदर म्हणजे काय हे आपल्या तरुण मंडळींना कदाचित नीट माहीत नसेल. ब्रदर मिस्सा अर्पण करत नाहीत, पापनिवेदन ऐकत नाहीत. मठात स्वयंपाक, बागकाम, शिवण, सुतारकाम, आजाऱ्यांची सेवा अशी कामे परंपरेने त्यांच्याकडे असतात. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मात्र त्यांनाही असतात. आज्ञापालनाचा अर्थ असा की वरिष्ठ सांगतील ते काम करायचे. उद्या वरिष्ठांनी भांडी घासायला सांगितली तर भांडी घासायची, मग तुमच्या हातात केवढी का कला असेना.

म्हणजे ज्या दिवशी मोस्केनी त्या दारातून आत गेले, त्या दिवशी कुंचला पुन्हा हातात येईलच असे वचन त्यांच्या खिशात नव्हते. त्यांनी कला देवाला वाहिली असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, त्यांनी आधी स्वतःला वाहिले आणि कलेचे काय करायचे ते देवावर सोडले. या दोन गोष्टींत फार फरक आहे. आपली कला देवाला देणारा माणूस अजून तिचा मालक असतो, कारण मालकच देऊ शकतो. स्वतःलाच देऊन बसलेल्या माणसाजवळ द्यायला वेगळे काही उरत नाही. पुढे वरिष्ठांनी कुंचला त्यांच्या हाती परत दिला तो त्यांचा म्हणून नव्हे, एखाद्याला कुदळ द्यावी तसा दिला.

इटालियन येशूसंघीय मिशनरी ३१ डिसेंबर १८७८ रोजी मंगळुरूला पोचले होते आणि १८८० मध्ये त्यांनी तिथे सेंट अलॉयशियस कॉलेज सुरू केले. पुढच्या काही वर्षांत लाइटहाऊस हिलच्या टेकडीवर कॉलेजचे चॅपल उभे राहिले. पण आतून ते आपल्या चर्चसारखेच साधे, पांढऱ्या भिंतींचे होते. १८९९ च्या सुमारास ब्रदर मोस्केनींनी त्या भिंतींना हात घातला. काम दोन-अडीच वर्षे चालले. भिंतींवर त्यांनी फ्रेस्को पद्धतीने चित्रे काढली आणि छतासाठी कॅनव्हासवर तैलरंगात काम केले.

फ्रेस्को म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. चांगला विरवलेला चुना आणि रेती यांचा गिलावा भिंतीवर थापायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. चुना वाळताना हवेशी संयोग पावून दगडासारखा घट्ट होतो आणि रंगाला आपल्या पोटात धरून ठेवतो. तो रंग मग भिंतीवर नसतो, भिंतीतच असतो. पण गिलावा वाळायच्या आत काम उरकले पाहिजे. म्हणून चित्रकार एका दिवसात जेवढे रंगवता येईल तेवढाच गिलावा सकाळी करून घेतो. चूक झाली तर पुसता येत नाही. तो तुकडा खरवडून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी लागते. परांचीवर उभे राहून, मान वर करून, मंगळुरूच्या दमट हवेत हे काम दिवसामागून दिवस करणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा घराचे छत पांढरे केले आहे त्याला कळेल.

मी गेलो तेव्हा भाच्याच्या नोकरीच्या कामासाठी गेलो होतो, आणि हाताशी अर्धा दिवस होता म्हणून चॅपल पाहिले. आत शिरल्यावर पहिल्यांदा वाटले की खांब किती सुंदर कोरले आहेत. जवळ गेलो, डोके तिरके करून पाहिले, तर सपाट भिंत! नुसता रंग, आणि सावली कुठे पडेल याचा अचूक हिशेब. हात लावून पाहायची अनावर इच्छा झाली, लावला नाही. छतावर मधोमध संत अलॉयशियस गोन्झागा यांचे जीवन आहे, दोन्ही अंगांना प्रेषित आहेत, भिंतींवर प्रभूच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. चेहरे सगळे इटालियन आहेत, हे खरे. त्या वेळी मला ते थोडे खटकलेही. पण माणूस आपल्या आईच्या चेहऱ्यावरूनच मरियेचा चेहरा काढणार.

एका चित्रापाशी मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. अलॉयशियस रोममध्ये साथीच्या रोग्यांची सेवा करत आहेत, असा तो प्रसंग. हा सरदारघराण्यातला मुलगा सगळे वैभव सोडून येशूसंघात आला आणि रोग्यांची सेवा करताना स्वतः आजारी पडून १५९१ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला. मोस्केनी हे चित्र रंगवत होते त्या वर्षांत प्लेग काही इटलीतली जुनी गोष्ट नव्हती. १८९६ मध्ये तो मुंबईत आला होता आणि तिथून देशभर पसरला होता. आपल्या आजी-पणजीच्या तोंडून गाव सोडून शेतातल्या झोपडीत राहिल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत ना, तोच प्लेग. म्हणजे खाली उभे राहून ते चित्र पाहणाऱ्या पहिल्या लोकांना त्यातले अंथरुणावरचे माणूस ओळखीचे वाटले असणार.

मंगळुरूनंतर ब्रदर मोस्केनींना इतर ठिकाणची बोलावणी आली. आपल्या महाराष्ट्रातही त्यांचे काम आहे. मुंबईला कुलाब्यातल्या होली नेम चर्चच्या भिंतींवर त्यांची चित्रे आहेत. त्या बाजूला जाणे झाले तर पाच मिनिटे आत जाऊन जरूर पाहा. शेवटी ते कोचीनला सांताक्रूझ चर्चची वेदी सजवायला गेले. मंगळुरूचे डि गामा नावाचे त्यांचे शिष्य बरोबर होते. चर्चचा अभिषेक १९ नोव्हेंबर १९०५ ला व्हायचा होता. १५ नोव्हेंबरला, म्हणजे चारच दिवस आधी, ब्रदर मोस्केनी वारले. वय एक्कावन्न. त्यांनी सजवलेल्या वेदीवर पहिला मोठा समारंभ झाला तेव्हा ते बाकांवर नव्हते.

ही झाली गोष्ट. आता माझ्या चुकीकडे येतो.

ब्रदर मोस्केनींनी एक पैसा घेतला नाही, हे मी सभेत म्हणालो. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. ते पगार घेत नव्हते, कारण पगाराची गरज पडू नये अशी व्यवस्था त्यांच्यामागे उभी होती. सकाळचा नाश्ता कोणी दुसरा ब्रदर करत होता. कपडे संघाचे, खोली संघाची, आजारी पडले तर औषध संघाचे. म्हातारपणी हात थरथरायला लागले असते तर त्यांना कोणी काढून टाकले नसते. मुलीच्या लग्नाची, मुलाच्या कॉलेजच्या फीची चिंता नव्हती, कारण त्यांनी संसारच केला नव्हता. फुकट काम करण्याचे स्वातंत्र्य त्यांनी फार मोठी किंमत मोजून, स्वतः, समजून-उमजून घेतले होते.

आणि आपला रोहिणखेडचा भाऊ? पावसाळ्याचे चार महिने त्याचे काम जवळपास बंद असते. दिवाळीच्या आधी जे दीड-दोन महिने मिळतात त्यावर त्याचे वर्ष निघते. आपण त्याला नेमके त्याच दिवसांत बोलावणार होतो, कारण पाऊस संपल्याशिवाय भिंत वाळत नाही. म्हणजे फक्त त्याच्या हाताचे दिवस आपण मागत नव्हतो. त्या दिवसांत बाहेरची जी कामे त्याला सोडावी लागली असती, त्यांची मजुरीही मागत होतो. घरी आई आहे, बायको आहे, शिकणारी दोन लेकरे आहेत. त्यांना कोणी विचारले होते? ते तर त्या व्हरांड्यात नव्हतेसुद्धा.

संत पौलाची आठवण झाली. तो तंबू शिवण्याचे काम करून स्वतःचे पोट भरत असे आणि सुवार्ता सांगण्याबद्दल लोकांकडून काही घेत नसे, हे आपण धर्मशिक्षणात ऐकले आहे. पण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय घरी निवांत वाचून पाहा. तिथे पौल आधी केवढ्या जोराने भांडतो! शेत राखणाऱ्याला शेताचे फळ मिळाले पाहिजे, वेदीची सेवा करणाऱ्याला वेदीतून वाटा मिळाला पाहिजे, असे तो एकामागून एक दाखले देऊन पटवतो. हक्क आहे, हे तो आधी पक्के करतो आणि मग म्हणतो की मी स्वतः मात्र हा हक्क वापरला नाही. दुसऱ्या कोणी वापरू नये असे तो म्हणत नाही. माझ्या चुकीचे मूळ मला तिथे सापडले. हक्क सोडणे ही ज्याचा हक्क त्याची गोष्ट. पौल स्वतःच्या हक्कावर पाणी सोडतो. मी दुसऱ्याच्या हक्कावर सोडले, तेही पंधरा माणसांच्या देखत, जिथे नाही म्हणणे म्हणजे देवाला नाही म्हणण्यासारखे दिसले असते. अशा ठिकाणी मिळालेल्या होकाराला अर्पण म्हणायचे का? मला तरी आता म्हणवत नाही.

यावर कोणी म्हणेल, अहो, भक्तीने केलेल्या कामाची गोडीच वेगळी. पैसे दिले की ते नुसते काम होते. हे मीही पूर्वी म्हणत असे. पण चित्रकलेच्या मास्तराने हे म्हणू नये. चुन्याला भक्ती कळत नाही. चुना कच्चा विरवला तर उपास करून काम केले तरी गिलावा फुगणार आणि गळणार. ब्रदर मोस्केनींची चित्रे शंभर वर्षांहून जास्त काळ टिकली. १९९० च्या दशकात जाणकारांनी त्यांची डागडुजी केली आणि ती आजही बोलतात. याचे कारण त्यांची प्रार्थना जितकी, तितकीच ती बेर्गामोच्या अकादमीतली वर्षे आणि चर्चे रंगवून पैसे मिळवण्याची वर्षे. मजुरीवर काम करतानाच तो हात तयार झाला होता. संघात त्यांनी तो हात आणला.

नुसता चांगला हेतू पुरत नाही, याचे उदाहरण तर आपल्या उशाशीच आहे. रोहिणखेड ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे त्याच रांगेत पुढे अजिंठा आहे. आपण शाळेच्या सहलीला गेलो, लेकरांना घेऊन गेलो, काळोखात टॉर्चच्या उजेडात ती चित्रे पाहिली. त्या चित्रांची पद्धत मंगळुरूपेक्षा वेगळी. तिथे मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि काडीकचरा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग वाळलेल्या भिंतीवर सरसात कालवलेला रंग. हा रंग भिंतीच्या पोटात जात नाही, वरच राहतो, म्हणून जास्त नाजूक. शंभरेक वर्षांपूर्वी ती चित्रे झडू लागली होती. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी दोन वर्षे मन लावून काम केले. सुटलेला गिलावा चिकटवला, कडा भरल्या, पुष्कळ चित्रे पडण्यापासून वाचवली. आणि रंग पक्का राहावा म्हणून वरून चपड्याचा हात दिला. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख वापरतो ना, तोच चपडा. पुढे काय झाले? वर्षे गेली तसा तो चपडा पिवळा पडला, काळवंडला आणि खालचे रंग झाकोळले. पुरातत्त्व खात्याच्या माणसांना नंतर तो थर अगदी जपून, तसू तसू काढावा लागला.

मी त्या दोघांना दोष देत नाही. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी उत्तम केले, आणि ते नसते तर आज पाहायला कमी चित्रे उरली असती. पण जिथे एवढ्या मोठ्या जाणकारांची, एवढ्या काळजीची ही गत, तिथे आपण फुकट मिळतो म्हणून कोणाकडूनही, कसेही, उरलेल्या वेळात काम उरकून घ्यावे, हे वेदीमागच्या भिंतीला शोभत नाही. मजुरी दिली की आपल्यालाही विचारता येते: भाऊ, चुना किती दिवस विरवला? फुकटात हा प्रश्न विचारायची आपली जीभ उचलत नाही.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. सोळा नंबरच्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे करवले, असे त्यात लिहिले आहे. सव्वीस नंबरमध्ये बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचे नाव आहे, त्याने ते लेणे दान केले. पंधराशे वर्षे झाली, देणाऱ्यांची नावे आपण वाचतो. रंगवणाऱ्याचे नाव? एकाचेही नाही. रोहिणखेडची जुनी मशीद घ्या. १५८२ साली खुदावंतखान महदवीने ती बांधली, हे इतिहासात नमूद आहे. छोटीच, पण किती देखणी इमारत! तिचा दगड घडवणाऱ्या पाथरवटाचे नाव मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. आणि आता आपल्या चर्चमध्ये नजर फिरवा. पंख्यावर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर संगमरवरी पाटी. भिंतीवर हात फिरवला त्याचे नाव कुठेही नाही.

देणाऱ्याने नाव विसरावे, डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, ही शिकवण प्रभूनेच दिली आहे. ब्रदर मोस्केनी स्वतःचे नाव विसरायलाच संघात गेले होते. पण ती शिकवण देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नाही. मंगळुरूच्या लोकांनी त्यांचे नाव जपले म्हणून तर शंभर-सव्वाशे वर्षांनी मी ते एका सभेत उच्चारू शकलो. भले चुकीच्या कामासाठी उच्चारले.

असो. त्या सभेनंतरच्या गुरुवारी मी रोहिणखेडला त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होते. मी म्हणालो, "भाऊ, मी त्या दिवशी चुकीचं बोललो. मला ते बोलायचा हक्क नव्हता."

ते हसले. म्हणाले, "सर, देवाचं काम आहे, मी नाही कसं म्हणू? पण खरं सांगू का, घरी येऊन मी बायकोला सांगितलंच नाही. चार दिवस झाले, अजून सांगितलं नाही."

या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. चहा झाला. मग मी विचारले की तुमचा नेहमीचा दर काय. त्यांनी सांगितला. मी तो कागदावर लिहून घेतला आणि फादरांना नेऊन दाखवला. फादर म्हणाले, "शून्य खोडा आणि हे लिहा. आणि पैसे कमी पडले तर चित्र थोडं लहान करू." गेल्या रविवारी समितीने ते मान्य केले, हे आपल्याला कळवतो. देणग्यांचे पाकीट नेहमीच्या ठिकाणी आहे. या भिंतीवर कोणाच्याही नावाची पाटी लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रुसवे नकोत. चित्रकाराचे नाव मात्र चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरात असावे, अशी मी सूचना मांडली आणि ती मंजूर झाली. त्यांना ते सांगितल्यावर ते म्हणाले, "कोपऱ्यात ठीक आहे सर, पण बुलेटिनमध्ये नका टाकू. लोक उगाच बोलतील." म्हणून इथे टाकलेले नाही.

चित्राबद्दल एक वाद अजून मिटायचा आहे, त्यात तुमचे मत हवे आहे. परदेशी चित्रांत पेरणारा मुठीने बी फेकत चाललेला असतो. आपल्या भाऊंना तिफण काढायची आहे, मागे चाड्यावर मूठ धरणारी बाई, पुढे दोन बैल. मी हरकत घेतली. म्हटले, "तिफणीनं पेरलं तर बी नेमकं तासात जाणार. मग दाखल्यातल्यासारखं वाटेवर, खडकावर, काट्यांत पडेल कसं?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, तुम्ही तिफण कधी धरली नाही वाटतं. धुऱ्याशी वळवताना सांडतेच ना."

मला उत्तर सुचले नाही. तुम्हाला सुचले तर येत्या रविवारी मिस्सेनंतर सांगा. भिंत खरवडायचे काम सोमवारी सुरू होईल. शनिवारी संध्याकाळी पुढचे बाक मागे सरकवायचे आहेत, तरुणांनी यावे. जुनी लुगडी, चादरी असतील तर आणाव्यात, फरशीवर अंथरायला लागतील. चुना आणून झाला आहे. तो मागच्या अंगणातल्या हौदात विरवायला ठेवला आहे, लेकरांना तिकडे जाऊ देऊ नका.